न केलेला अर्ज

वसंत, चारचौघांत मी तुला कायम 'अहो' म्हटलं. तुझ्या आईसमोर, दिनकर भावोजींसमोर, सोसायटीतल्या बायकांसमोर, आपल्या प्राचीसमोरसुद्धा. दोघंच असलो की मात्र तू. सातवीपर्यंत आपण एका वर्गात होतो. माझ्या पाटीवर भोपळा काढून पळून गेलेल्या मुलाला अहो म्हणायला माझी जीभ वळायची नाही. तू हसायचास. कुणी येताना दिसलं की हळूच म्हणायचास, "माणसां इली गो, आता अहो म्हण." आता माणसं येऊन गेली. आली, बसली, रडली, पिठलंभात जेवली आणि आपापल्या घरी गेली. परत आपण दोघंच उरलोय, म्हणून तू.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. मुलुंडला येऊन मला दहा दिवस झाले. ड्यूटीवर जाते, येते, कुकर लावते. एका माणसाचाच लावते, तो तर मी वर्षानुवर्षं लावतेय. त्यात काहीच बदललं नाही, आणि तेच मला सहन होत नाहीये. तू गेल्यावर या घरातली एकही वस्तू हलली नाही. दांडीवर तुझा टॉवेल नव्हताच. चपलांच्या स्टँडवर तुझी जागा नव्हतीच. शेजारच्या काकू विचारतात, "खूप रिकामं वाटत असेल ना घर?" त्यांना काय सांगू? घर होतं तसंच आहे. फक्त साडेसातला फोन येत नाही.

त्या फोनवर आपण असं काय बोलायचो? "जेवलंस?" "नाही अजून. तू?" "पेज जेवलंय." मग तू लाकडाचं सांगायचास. कुणाच्या दाराची चौकट झाली, कुणाचा पाळणा राहिला, कुठल्या फळीत गाठ निघाली. मग भाताचं. मग मी दवाखान्यातलं एखादं सांगायचे. पाच मिनिटं, फार तर सात. लोकांना वाटायचं, नवरा-बायको लांब राहतात तर तासतासभर बोलत असतील. आपल्याला ते कधी जमलंच नाही.

तुझा शेवटचा दिवस मला भावोजींकडून कळला. सकाळी झोडणी आटोपलीस, भात घरात आलं, पेंढा रचलास, आंघोळ केलीस, जेवलास आणि पडवीत आडवा झालास. तीनच्या सुमाराला मी ड्रेसिंगच्या खोलीत होते. समोर एका बाईचा पाय होता, मधुमेहाची जुनी जखम. फोन वाजला, मी घेतला नाही. परत वाजला. भावोजी म्हणाले, "वैनी, दादा उठणा नाय."

मी विचारलं, "श्वास बघितलात? नाडी बघितलीत?"

ते म्हणाले, "बघितलंय."

मग मी फोन खिशात टाकला आणि त्या बाईची पट्टी पुरी केली. शेवटचं टोक आत खोचलं, चिकटपट्टी लावली. तिने विचारलं, "सिस्टर, परत कधी येऊ?" मी म्हटलं, "परवा या." त्यानंतर मी खुर्चीवर बसले. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगते, कारण तू याला दगडाचं काळीज म्हणणार नाहीस. हातातलं काम अर्धं टाकून उठणारा माणूस तुला कधी आवडला नाही.

तू मुलुंडला राहिलास ते एकच वर्ष. प्राची तेव्हा दीड वर्षाची होती. भांडुपच्या एका फर्निचरच्या कारखान्यात तुला काम मिळालं होतं. प्लायवूड कापायचं, वर सनमायका चिकटवायचा, कडेला पट्टी मारायची. पहिल्या महिन्यात मालकाने तुला एका गिऱ्हाइकाचा सागवानी पलंग करायला दिला. तू खिळा न वापरता, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून तो केलास. अकरा दिवस लागले. मालक भला माणूस होता. म्हणाला, "वसंतभाई, काम एकदम झकास आहे. पण अकरा दिवसांत मी वीस पलंग काढतो यार." तू घरी येऊन ते मला हसत सांगितलंस. त्यानंतर परत सनमायकाच चिकटवत राहिलास. अंगाला त्या गोंदाचा वास यायचा. प्राची तुझ्याकडे यायला तयार नसायची, तोंड फिरवायची. तू दोनदा आंघोळ करायचास.

मग तुझे वडील झाडावरून पडले, आणि लावणी तोंडावर आलेली. तू पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलास. चेकनाक्यावर तुला गाडीत बसवून मी प्राचीला कडेवर घेऊन परत आले. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन झाले. तू येत नाहीस हे तू कधी म्हणाला नाहीस, आणि का येत नाहीस हे मी कधी विचारलं नाही.

लोक म्हणायचे, आमच्याकडे उलटंच. नवरा गावाला आणि बायको मुंबईला. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही दोघी गावी यायचो. भात घरात आलं की तू तांदळाचं पोतं, कोकमं आणि पटाशी-रंध्याची पिशवी घेऊन आठ दिवस इकडे यायचास. सोसायटीतल्या बायका तुझी वाट बघायच्या. कुणाचं दार घासायचं, कुणाचा ड्रॉवर अडकायचा. आठ दिवस तू गॅलरीत बसून लोकांची फर्निचरं नीट करायचास. मी रागवायचे, "आराम करायला येतोस की कामाला?" तू म्हणायचास, "हाताक काय तरी होया गो." नवव्या दिवशी तू जायचास. ते एक वर्ष सोडलं तर अठ्ठावीस वर्षांत मुलुंडमध्ये आपला नववा दिवस कधी उजाडलाच नाही.

आपलं सगळ्यात मोठं भांडण कपाटावरून झालं. प्राचीचं लग्न ठरलं, आणि मी घाटकोपरच्या एका दुकानातून तिच्यासाठी कपाट घेतलं. पांढरं, सरकत्या दारांचं, तिला हवं होतं तसं. फोनवर मी तुला कौतुकाने सांगितलं. तू नुसतं "बरा" म्हणालास. गणपतीला गावी आले तेव्हा तुझ्या कामाच्या पडवीत, माळ्यावर, फणसाच्या रुंद फळ्या रचलेल्या दिसल्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये वारा खेळायला काठ्या घातलेल्या. मूळचा पिवळा रंग तांबूस होत आलेला. भावोजी सहज बोलून गेले, "प्राचीच्या कपाटाच्या त्या. चार वर्षां सुकवता हा दादा."

मी तुझ्यावरच तडकले. "मला सांगायचं नाही का?"

"लाकूड सुकल्याशिवाय काय सांगतलंय?"

"चार वर्षं?"

"लाकडाक घाई चलणा नाय."

"लाकडाला नसेल. पोरीचं लग्न थांबतं का?"

तू रंधा खाली ठेवलास. "तू तरी इचारलंस?"

त्यावर मी रडायलाच लागले. तू बाहेर गेलास. त्या फळ्यांचं तू गावच्या वाचनालयाला कपाट करून दिलंस. तेराव्यानंतर, गावाहून निघण्याआधी, मी ते बघून आले. दार बोटाने ढकललं तरी मिटतं, आवाज येत नाही.

एवढ्या वर्षांत तू मला 'ये' असं दोनदाच म्हणालास. पहिल्यांदा, प्राचीला पहिलीत घालायचं होतं तेव्हा. तालुक्याच्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली होती. त्या जाहिरातीचं कात्रण घडी करून, खिशात घालून तू मुलुंडपर्यंत आलास. आधी तिथल्या डॉक्टरांना जाऊन भेटूनही आला होतास. मी म्हटलं, पोरीची शाळा इथे चांगली आहे. ते खोटं नव्हतं. तू कात्रण परत घडी करून खिशात घातलंस.

दुसऱ्यांदा, प्राचीच्या लग्नानंतर. पाहुणे गेले होते, आपण दोघं हॉलमध्ये अक्षता झाडत होतो. तू केरसुणी हातात धरूनच म्हणालास, "आता तुझा हय काय रवला? ये." मी म्हटलं, "मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज करता येतो. करते." तुझा चेहरा इतका उजळला की मला बघवेना.

दोन महिन्यांनी फोनवर मी तुला सांगितलं, "नाही रे मंजूर झाला. माणसं कमी आहेत, सोडत नाहीत." तू म्हणालास, "बरा." आणि काजूच्या मोहराचं बोलू लागलास.

वसंत, मी अर्ज केलाच नव्हता. फॉर्म आणला होता. टेबलावर ठेवला, त्यावर भाजी निवडली आणि देठांबरोबर टाकून दिला.

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. हे घर दोन खोल्यांचं आहे, पण याची चावी माझी आहे. मी कधी जेवते, काय जेवते, रविवारी किती वाजता उठते, हे इथे कुणी बघत नाही. शिंदे सिस्टर आणि मी संध्याकाळी तलावापर्यंत चालत जातो, बाकावर बसून शेंगा खातो. गावाला मी सुताराची सून. आठ दिवस ठीक आहे, पण रोज? आणि त्याहूनही एक भीती होती, ती तुझी. नवव्या दिवशी आपण काय बोलणार होतो? दहाव्या दिवशी? फोनवरची पाच मिनिटं मला भरता यायची. अख्खा दिवस, तू समोर असताना, कसा भरायचा हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, थोडे दिवस जाऊ देत. निवृत्तीला तशीही चारच वर्षं उरली आहेत. पुढच्या वर्षी मी येणारच होते ना रे.

तुझं तेरावं झालं त्या दुपारी भावोजी माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "वैनी, एक सांगतंय. राग धरू नको."

दोन वर्षांपूर्वी शिंदे सिस्टर घरच्यांबरोबर मालवणला फिरायला गेल्या होत्या. वाटेत आपल्या घरी थांबल्या. तू त्यांना कोकम सरबत दिलंस, झाडाची केळी दिलीस. निघताना तू विचारलंस, "काय हो, आमच्या माणसाक सोडणत नाय काय तुमचे साहेब?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "साहेब कशाला अडवतील? सिस्टरांनी अर्ज तर करायला हवा!" त्यांना वाटलं, तू मस्करी करतोयस. हसत हसत गाडीत बसल्या. मला येऊन एवढंच म्हणाल्या, सरबत काय सुंदर होतं गं.

भावोजी चिडले होते. म्हणाले, आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि विचार वैनीला. तू म्हणालास, "कित्याक? तिका थय बरा वाटता. माका हय बरा वाटता. मगे भांडान कसला?"

"आणि मग?" मी विचारलं.

"मगे काय नाय. दादा कामाक बसलो."

म्हणजे तुला दोन वर्षं माहीत होतं. दोन वर्षं रोज साडेसातला तू "जेवलंस?" विचारलंस. मी मधूनच म्हणायचे, "काय करू रे, सोडत नाहीत," आणि तू म्हणायचास, "असूंदे." शिंदे सिस्टर गेल्या त्या संध्याकाळीही फोन केला असशीलच. मी तो दिवस आठवायचा फार प्रयत्न करते. तुझा आवाज काही वेगळा होता का? तू जरा थांबून बोललास का? मला काहीच आठवत नाही. बहुधा मी त्या दिवशी घाईत असेन.

तू दिलेली ती मोकळीक होती की तू आशा सोडली होतीस, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही. कधी मनात येतं, भांडला असतास तर बरं झालं असतं. एकदा, मोठ्याने. कधी वाटतं, माझं खोटं इतक्या जपून सांभाळणारं माणूस मला दुसरं कोण मिळणार होतं? एकाच दिवसात दोन्ही वाटतं. बस थांब्यावर उभी असताना वाटतं, कुकरची शिट्टी मोजताना वाटतं.

गेल्या रविवारी मी गोरेगावला प्राचीकडे गेले होते. जावई बाहेर गेले होते. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आई, एक विचारू? चिडू नकोस ना. तुम्ही दोघं नेमके कशासाठी वेगळे राहिलात गं? भांडण नव्हतं, काही नव्हतं. लोक विचारतात, मला सांगताच येत नाही."

मी नेहमीचं सांगणार होते. बाबांना इथे करमायचं नाही. लहानपणापासून तिला तेच सांगत आले. पण तुझं तेरावं होऊन गेलं होतं, आणि भावोजींचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी सगळं सांगितलं. कात्रण, फॉर्म, भाजी, सगळं.

तिने विचारलं, "म्हणजे बाबा बोलवत होते?"

"हो."

"तुला?"

"आपल्याला. तू पहिलीत जात होतीस तेव्हापासून."

"आणि तू मला सांगितलंस, त्यांना आपलं इथलं काहीच आवडत नाही."

"हो."

ती उठली, ओट्यापाशी गेली, धुतलेली भांडी परत धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मला वाटायचं, त्यांना मी नको होते. मुलगा हवा असेल म्हणून येत नसतील, असंसुद्धा वाटलं एकदा." मग नळ बंद केला. "आई, मी काय केलंय तुला माहितीये का?"

तिने सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं. ती नववीत होती. तू आठ दिवसांसाठी आला होतास, मी ड्यूटीवर होते. तिच्या मैत्रिणी घरी आल्या. तू बनियन घालून गॅलरीत कुणाचा तरी ड्रॉवर रंधत होतास, केसांत भुसा. एकीने विचारलं, "हे कोण गं?" आणि आपली मुलगी म्हणाली, "कारपेंटर."

"त्यांनी ऐकलं आई. मान वर केली. मला वाटलं, वाट लागली, आता सांगतील. तर मला म्हणाले, 'मॅडम, थोडो कचरो झालो हा. जाताना साफ करून जातंय.' मॅडम म्हणाले मला." तिने ओले हात ओढणीला पुसले. "मुली होत्या तोवर आत आले नाहीत. पाणीसुद्धा मागितलं नाही. मी दिलंही नाही. तुला सांगितलं का त्यांनी कधी?"

नाही, तू मला नाही सांगितलंस. त्या संध्याकाळी मी घरी आले असेन, आपण तिघं जेवलो असू. तू तिच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देत असशील, ती मोठी झाली तरी द्यायचास तसे. आणि मी दोघांना बघून म्हणाले असेन, बाप-लेकीचं बरं चाललंय.

आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मी तिला जवळ घेतलं नाही. हिंमत झाली नाही. तिचा बाप मी तिच्यापासून थोडा थोडा काढून घेतला होता, रोज एका वाक्याने. तिनेच थोड्या वेळाने चहा टाकला. म्हणाली, "मी जाऊन येते. एकटीच."

शुक्रवारी ती गावी गेली. आज सकाळी तिचा फोन आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"आई, इथे मला कुणी प्राची म्हणतच नाही. जिथे जाते तिथे, 'सुताराचा चेडू इला.' एका आजीने तर हात धरून घरात नेलं. म्हणे, ह्यो दरवाजो तुझ्या बापसान केल्यान. मला उघडझाप करून दाखवला."

"बरं वाटतंय का तिथे?"

"माहीत नाही. रडू येतंय आणि भूक लागतेय." मग म्हणाली, "ऐक ना. काका विचारतायत, बाबांच्या कुणग्यात कुळीथ पेरायचे का? भात काढून झालंय, खाचर रिकामं आहे. ओल आहे तोवर पेरले तर येतील म्हणतात. नाहीतर यंदा तसंच ठेवू. काय सांगू?"

तुझ्या शेताबद्दल मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मीही त्याबद्दल काही बोलले नव्हते. हातात ओली उशीची खोळ होती, ती मी दोरीवर टाकली.

"पेर," मी म्हटलं.

"मी? मला कुठे येतं?"

"काका दाखवतील."

मग तिने विचारलं, "आणि तू? येणार आहेस का इकडे? रिटायर झाल्यावर?"

पहिल्यांदा जिभेवर आलं, येईन ना, नक्की येईन. ते मी गिळलं. "मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "मी अजून ठरवलं नाहीये."

"बरं," ती म्हणाली. तुझ्यासारखीच म्हणाली.

तिने फोन ठेवला नाही. हातात तसाच धरून चालत राहिली असावी, कारण लांबून भावोजींचा आवाज येत होता, ते बैलांना की तिला, कुणाला तरी काही सांगत होते. मीही ठेवला नाही. मुलुंडच्या गॅलरीत उभी राहून कान लावला. तुझ्या खाचरातली भाताची वाळकी धसकटं तिच्या पायांखाली मोडत होती. ती मला एकेक करून ऐकू येत होती.